ढगांवरची शाळा माझ्या पेटीत राहिली

गेली सव्वीस वर्षे मी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. मयताचे नाव विचारताना माझा हात थांबत नाही. तो थांबू नये, अशीच या कामाची रीत आहे. दीड महिन्यापूर्वी एक तरुण बाई समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जयभीम, काका. आत्याची पेन्शन बंद करायचा अर्ज पाहिजे." मी सवयीने टंकयंत्रावर कागद चढवला, विषय लिहिला आणि नाव विचारले. "रत्नमालाबाई," ती म्हणाली, "तुमच्याकडं यायच्या न, शाळेच्या बाई... त्याच." कागदावर 'र' उमटला आणि पुढची कळ मला सापडेना.

ती बाईंची भाची प्रज्ञा. उस्मानपुऱ्यात बाईंजवळच राहणारी. तापाचे निमित्त झाले आणि चौथ्या दिवशी बाई गेल्या, एवढेच तिने सांगितले. अर्ज पुरा झाल्यावर उठता उठता तिने विचारले, "काका, पुण्याहून आत्याच्या पुस्तकाचं काही उत्तर आलं का हो? शेवटपर्यंत विचारत होती." मी म्हणालो, "अजून नाही." रोज दहा जणांच्या प्रतिज्ञापत्राखाली 'वरील मजकूर खरा आहे' असे लिहिणारा मी, त्या मुलीच्या डोळ्यांत पाहून खोटे बोललो. उत्तर येणे शक्यच नव्हते. पुस्तक पुण्याला गेलेच नव्हते. ते माझ्या पायाशी, पत्र्याच्या पेटीत, कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली पडून होते.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. औरंगपुऱ्यातल्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना चिनी लोककथांचे, मुखपृष्ठ फाटलेले एक हिंदी पुस्तक मिळाले होते. दर रविवारी विहारात जमणाऱ्या मुलींना त्या त्यातल्या कथा सांगत. सांगता सांगता कथा त्यांच्या स्वतःच्या होत गेल्या आणि त्यांतून तीन वह्या भरून एक कादंबरी झाली. ढगांवरच्या एका डोंगरावर जादूची शाळा आहे. तिथे एक म्हातारी कोल्हीण रूप बदलण्याचा तास घेते, चंद्रावरचा ससा औषधे कुटायला शिकवतो, आणि नापास झालेले मासे ड्रॅगन होण्यासाठी दरवर्षी धबधब्यावरून उडी मारण्याची परीक्षा पुन्हा देतात. लिन नावाची एक मुलगी त्या शाळेत येते, जिच्या आईला अक्षर वाचता येत नाही... बाईंचा हात थरथरत असे. पुण्याच्या प्रकाशकाला टंकलिखित प्रत आणि सोबत पत्र हवे होते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. "अर्जनवीससाहेब, तुम्ही लिहिलेलं वर पोचतं म्हणे," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून स्टीलची डबी काढून माझ्या तळहातावर एक रेवडी ठेवली. "आधी तोंड गोड करा, मग लिहा." पुढे प्रत्येक भेटीत हेच. मला वाटे, शाळेतल्या बाईंची जुनी सवय असेल.

माझे शिक्षण नववीत सुटले, हे मी कोणाला सांगत नाही. भाषेचा अधिकार मात्र मी पदवीधरांपेक्षा अधिक गाजवला आहे. पहिले प्रकरण टंकित करताना मी ते सुधारले. कोल्हीण वर्गात शिरते, तिथे मी लिहिले, 'सदरहू कोल्हीण वर्गात हजर होऊन तिने विद्यार्थ्यांस समज दिली.' बाईंना मी म्हणालोही, "कोल्हीण गुरुजी म्हणून खुर्चीवर बसवलीत, तर पालक तक्रार करतील." त्या हसल्या. "पालक करतील हो. पोरी नाय करणार." पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या आनंदातच. "अहो, तुमचं प्रकरण मी पोरींना वाचून दाखवलं! 'सदरहू कोल्हीण' आलं की लई हसल्या. एक तर म्हणाली, बाई, ही कोल्हीण तहसीलदारीण हाय का? पण आपण माझंच ठेवू या, काय?" त्यांच्या बोलण्यात तिळमात्र टोमणा नव्हता. शेजारच्या टेबलावरचा मुद्रांकवाला मात्र मोठ्याने हसला आणि त्या दिवसापासून मला 'सदरहू' म्हणू लागला.

एवढ्यावरून मी ते केले. दुसरे कारण शोधून पाहिले, सापडले नाही. वह्या पेटीत टाकल्या, वर फॉर्म ठेवले आणि बाई पुन्हा आल्या तेव्हा सांगितले, "पाठवलं. वह्याही सोबत जोडल्या." त्यांनी दोन्ही हात जोडले. त्यानंतर त्या महिन्यातून एकदा रिक्षाने येत, स्टुलावर बसत, रेवडी देत आणि विचारत, "पोच आली का हो?" मी म्हणे, "कार्यवाही चालू आहे." हे उत्तर मी कचेरीच्या खिडकीतून हजार वेळा ऐकले आहे आणि ऐकून माघारी जाणाऱ्यांची तोंडेही पाहिली आहेत. वह्या त्या बोलत असलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर होत्या. शेवटच्या भेटीत त्यांना दम लागला होता. रिक्षात बसण्यापूर्वी त्यांनी डबीच माझ्या टेबलावर ठेवली. "आता माझं येणं व्हायचं नाय वारंवार. ठेवा. काम झालं की खा उरलेल्या."

प्रज्ञा अर्ज घेऊन गेली त्याच दुपारी मी पेटी उघडली आणि तिन्ही वह्या प्रथमच शेवटपर्यंत वाचल्या. दुसऱ्या वहीत चुलीचा देव येतो. जुन्या कथेत तो प्रत्येक घराच्या चुलीपाशी राहतो आणि वर्षअखेरीस स्वर्गात जाऊन बादशहाला त्या घराची हकीकत सांगतो. त्याने चांगलेच सांगावे म्हणून निघण्यापूर्वी घरचे लोक त्याच्या ओठांना गोड लावतात. बाईंनी त्याला शाळेत अर्ज शिकवणारा गुरुजी केले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोटे शाईने माखलेली... माझ्या चष्म्याची काडी दोन वर्षे तशीच आहे. मुले त्याच्या जड भाषेला हसतात, तेव्हा कोल्हीण त्यांना गप्प करते. बाईंचे वाक्य असे आहे: 'त्याची शाळा अर्ध्यात सुटली होती, पण ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे तोच वर पोचवत असे.' मी नववी कोणाला सांगितली नव्हती. बाईंना ती कळली होती, आणि त्यांनी ती अशी लिहिली होती. पुढे लिन आईचा अर्ज त्याच्या हाती देते, त्याच्या ओठांना गूळ लावते आणि तो ढगांत दिसेनासा होतो. 'ती दारातच उभी राहिली. नेतो म्हणाला होता तो.' मी वही मिटली. समोर दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांना उद्या या म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यात जाऊन प्रज्ञाला सर्व सांगितले. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "काका, ती दर टपालाला गॅलरीत जाऊन उभी राहायची," ती म्हणाली. क्षमा मी मागितली. तिने दिली नाही, आणि ते योग्यच होते. निघताना दारात एवढेच म्हणाली, "आता तरी पाठवा. अन् तिचं एक अक्षर बदलू नका."

महिनाभर अर्जांचे काम दुपारपर्यंत आटोपून मी तिन्ही वह्या टंकित केल्या. एक अक्षर बदलले नाही. सोबतच्या पत्रात लेखिका हयात नाहीत, आणि विलंब माझा आहे, असे लिहिले. गेल्या सोमवारी ते रजिस्टर पोस्टाने रवाना झाले. पावती प्रज्ञाकडे दिली.

डबी माझ्या टेबलावर, शाईच्या पॅडशेजारी आहे. कोणी गिऱ्हाईक सहज हात पुढे करते, तेव्हा मी झाकण दाबून धरतो. पोस्टातून परतल्यावर, काम झाले म्हणून, मी ती उघडली होती. इतक्या महिन्यांच्या उन्हाने गूळ पाझरून साऱ्या रेवड्यांचा एकच खडा झाला आहे, डबीच्या तळाला चिकटलेला. नखाने काढून पाहिले. एकही सुटी झाली नाही... बोटाला मात्र गोड लागले होते. ते मी तोंडाला लावले नाही. रुमालाला पुसले आणि पुढचा कागद चढवला.