कवळीची थाप

थंडी गेली गेली म्हणता पुन्हा परतली होती. आठ वाजून गेले तरी धुकं गल्लीतून हलायला तयार नव्हतं आणि खिडकीशी बसलेल्या रफूताईंना सुईचं नेढं काही केल्या दिसत नव्हतं. मांडीवर कुणाची तरी राखाडी पँट, गुडघ्यावर करंगळी जाईल एवढं भोक. पँटच्याच आतल्या दुमडीतून दोरे सोडवायचे, उभे-आडवे विणायचे आणि भोक असं बुजवायचं की वरून हात फिरवला तरी कळता कामा नये. चाळीस वर्षं हेच काम. पण आज हातात सुई आणि डोक्यात भिंत अशी त्यांची गत झाली होती.

कारण कोपऱ्यावर खडूमास्तर ऑइलपेंटचा डबा घेऊन बसले होते. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, अक्षर अख्ख्या गल्लीत देखणं. गल्ली साफसूफ ठेवून तिथं झाडं लावणाऱ्या 'कवळी पालवी मंडळा'ला बावीस वर्षं झाली, म्हणून मंडळाचा इतिहास बागेच्या भिंतीवर लिहायचं ठरलं होतं. मजकूर त्यांनी काल ताईंना वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, 'एका पहाटे रफूताईंच्या मनात सौंदर्याचा अंकुर फुटला.'

अंकुर कसला, डोंबल!

खरी हकीकत अशी. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी सासूबाईंनी वाटीतली कवळी काढून ओट्यावर कागदावर ठेवली आणि वाटी घासायला टाकली. ताईंनी न बघता त्याच कागदावर बटाटे सोलले, सालांची पुरचुंडी केली आणि कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर भिरकावून आल्या. सासूबाईंचे दात खोटे आहेत हे गल्लीत कुणालाही ठाऊक नव्हतं. बाई करारी, बोलायला लागली की समोरच्याची बोबडी वळायची. ती त्या दिवशी तोंडावर हात धरून उभी होती आणि हाताआड खालचा ओठ पार आत गेला होता.

"फावडं घे आणि जा," त्या फसफसत म्हणाल्या. "आणि कुणाला कळलं तर बघ."

ताई फावडं-बादली घेऊन उकिरडा उपसायला लागल्या. तेवढ्यात पाने-पकडींची पिशवी खांद्याला अडकवून नळवाले भाऊ कामाला निघालेले दिसले. वहिनी, काय शोधताय, असं त्यांनी सहज विचारलं. ताईंच्या तोंडून "कवळी" एवढं निसटलं आणि दातखीळच बसली. मग जिभेनं कशीबशी वाट काढली.

"कवळी रोपं लावायचीत इथं. आधी जागा नको का साफ करायला?"

भाऊ पिशवी खाली ठेवून दुसरं फावडं घेऊन आले. दोघांना खपताना बघून मास्तर आले, लाँड्रीवाला आला, पलीकडच्या दोघी जावा नाकाला रुमाल बांधून आल्या. बारा वाजेपर्यंत उकिरड्याखालची जमीन दिसली, कवळी काही दिसली नाही. ताई रडकुंडीला येऊन घरी गेल्या, बादली उलटी केली, तर तळाशी चिखलात कवळी. न बघता आपणच फावड्यानं बादलीत ओढली असणार, असं त्यांनी धरलं. लोकांचा जीव भांड्यात पडतो, त्यांचा बादलीत सापडला. कवळी तीनदा गरम पाण्यातून काढली आणि दुपारी सासूबाई जेवायला बसल्या त्या जणू काही घडलंच नाही अशा.

विषय तिथंच मिटायचा. पण दुसऱ्या दिवशी भाऊ वीस रोपं घेऊन दारात हजर. आता जाता कुठं? ताईंनी रोपं लावली. रोपांना पाणी हवं म्हणून नळ आला. भाऊंनी जुने पाइप कापून त्यांच्या कुंड्या केल्या, मग भिंत रंगली, बाक आला, दर रविवारी माणसं जमायला लागली. मंडळाचं नाव मास्तरांनी ठेवलं. निम्मे सभासद साठीपुढचे, म्हणून टवाळ लोक नुसतं 'कवळी मंडळ' म्हणायचे आणि दर वेळी ताई घाईघाईनं विषय बदलायच्या. सासूबाई मात्र मजेत होत्या. रविवार उजाडला की म्हणायच्या, जा, माझ्या दातांना पाणी घालून ये. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, गुपित ताईंच्या गळ्यात बांधून.

तोंडची थाप एक वेळ विरून जाते. ऑइलपेंटची कशी विरायची? गप्प बसावं, तर आपलं नाव खोट्यावर कायमचं रंगणार. बोलावं, तर सासूबाईंचा शब्द मोडणार आणि बावीस वर्षं घाम गाळलेल्या माणसांचं हसं होणार. ताईंनी सुई उशीत खोचली आणि चपला घातल्या.

मास्तर स्टुलावर बसले होते. वाक्य पेन्सिलीनं आखून झालं होतं, ब्रश नुकता डब्यात बुडवलेला. शेजारी भाऊ गुडघे सांभाळत नळाचा वॉशर बदलत होते. ताईंनी उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगून टाकलं. मास्तरांच्या ब्रशावरून निळ्या रंगाचा थेंब त्यांच्या बुटावर पडला, तरी त्यांना पत्ता नाही.

"म्हणजे अंकुर नव्हता?"

"नव्हता. सासूबाईंची कवळी होती."

"खालची," भाऊ मान वर न करता म्हणाले.

ताई वळल्या. "तुम्हाला काय ठाऊक?"

"माझ्याच फावड्यावर आली की. चारचौघांत हातात धरून उभा राहू होय? तुमची पाठ वळली तशी बादलीत सोडली अलगद."

"आणि रोपं?"

"तुम्ही घरी गेलात आणि हे मास्तर विचारायला लागले, रोपं कुठायत म्हणून. म्हटलं, वहिनींची थाप उघडी पडायला नको."

ताई मटकन बाकावर बसल्या. आधी वाटलं रडू येतंय, पण आलं ते हसू, तेही डोळ्यांतून पाणी काढणारं. जी गोष्ट बावीस वर्षं झाकून ठेवली, ती पहिल्या दिवसापासून या माणसाच्या पिशवीत पाने-पकडींबरोबर पडून होती आणि त्यानं ती एकदाही खुळखुळवली नव्हती. त्यांनी हट्टच धरला, पहिलं नाव भाऊंचं लिहा. भाऊ म्हणाले, लिहाल तर वॉशर असाच सोडून घरी जातो. नळ तेव्हा फुरफुरत होता, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

मास्तरांनी खोडरबर काढून अंकुर पुसला. मग सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं, 'या बागेची सुरुवात एका कवळीपासून झाली.'

"कवळीपासून?" ताई म्हणाल्या.

"कवळी म्हणजे कोवळी. लोक रोप समजतील." मास्तरांनी ब्रश पुसला. "खोटं एक अक्षर नाही, आणि तुमच्या सासूबाईंचा शब्दही शाबूत."

ताई घरी परतेस्तोवर धुकं वर गेलं होतं. पँटवाला अकराला येणार होता. त्यांनी सुई उजेडात धरली, पहिल्याच खेपेला दोरा आत गेला, आणि त्या भोक बुजवायला बसल्या.