मामांच्या दातातली नस

काशीक्षेत्री राहणाऱ्या समस्त महाराष्ट्रीय मंडळींस अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळविण्यात येते की, रामघाटावरील आमच्या मामांचा वरचा, समोरचा, उजवीकडचा दात दुखू लागला आहे!

हसू नका. मामा वैदिक होते आणि वसंतपूजा दोन महिन्यांवर आली होती. त्या दिवशी गावातले झाडून सगळे वैदिक समोरासमोर बसून मंत्र म्हणत, आणि यंदा सुरुवात मामांनी करायची होती. समोरचा दात गेला की त, थ, द, ध यांतून नुसता वारा सुटणार. शिष्यांच्या उच्चारांवर जन्मभर डोळे वटारलेला माणूस, तो या विचारानेच निम्मा झाला.

सुरुवात होळीच्या ठंडाईने झाली. मामांनी एक घोट घेतला आणि गाल धरून खाली बसले. "गार बाधलं," असा निकाल देऊन मामीने गरम दूध दिलं. त्यावर मामा असे ओरडले की घाटावर नाव बांधणारा मल्लाह वर बघू लागला. गंमत अशी की घोट केव्हाच पोटात गेलेला असे, कळ मात्र दहा दहा मिनिटं दातात ठाण मांडून बसे.

मी तेव्हा पंचविशीतला शाळामास्तर, म्हणजे सर्वज्ञ.

"मामा, डॉक्टरला दाखवू या."

"तो उपटील. त्याला दुसरं येतं काय?"

मग एके सकाळी चमत्कार झाला. दुखणं बंद! गार नाही, गरम नाही, काही म्हणता काही नाही. मामांनी बालाजीला पेढे ठेवले. मामीने लवंगेच्या तेलाचे गुण गायले. मी चार पेढे खाल्ले.

पंधरा दिवसांनी मामी त्यांच्याकडे टक लावून म्हणाली, "अहो, हा दात काळा का दिसतोय?"

"पान खातो ना मी."

"एकट्या त्याच दातानं खाता?"

ओठ वर करून पाहिलं, तर त्या दाताच्या वर हिरडीवर तांदळाएवढा फोड. मग मात्र मी मामांना घोड्याच्या इक्क्यात घातलं आणि गोदौलियाच्या बाजारात नेलं. तिथे एक बंगाली दातांचा डॉक्टर होता, छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या दातांवर हात बसलेला.

त्याने बर्फाच्या पाण्यात कापूस बुडवून शेजारच्या दाताला लावला. मामा खुर्चीतून वीतभर उडाले. मग त्या काळ्या दाताला लावला. मामा शांत.

"लगाइए ना," मामा म्हणाले.

"लगा तो दिया, पंडितजी."

मग त्याने त्याच दातावर चिमट्याने टकटक केलं आणि मामांचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

डॉक्टरने हात धुऊन मला नीट समजावलं. गार-गरम लागल्यावर कळ रेंगाळते, तेव्हा आतली नस आजारी असते. तेव्हाच यायचं. एकाएकी सगळं थांबलं म्हणजे दात बरा झाला असं नव्हे. नस मेली, आत पू झाला, आणि तो हिरडीतून वाट काढतो.

"निकालना पड़ेगा?" मी श्वास रोखून विचारलं.

"क्यों निकालेंगे? पीछे से छेद करके मरी हुई नस साफ़ करेंगे, फिर भर देंगे. दाँत रहेगा."

तीन-चार खेपांत, वसंतपूजेच्या आत काम होणार होतं! मी आनंदाने डॉक्टरचा हात हलवत राहिलो. पण मामांचा चेहरा पांढराफटक. ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागले. मग बाकावरचे सगळे रोगी दचकतील अशा खड्या आवाजात माझ्यावर कडाडले, "अरे गाढवा, दात राहील, पण मंत्र कसे म्हणू? माझ्याच तोंडात, माझीच सख्खी नस मेली म्हणतोय तो! मग सुतक किती दिवसांचं, ते विचार आधी!"