सरकणारी गाठ

चामोर्शीत मी जनावरांचा दवाखाना उघडला तेव्हा वाटलं होतं, गाई-बैलांच्या खुरांत आणि पोटफुगीत आपलं आयुष्य जाणार. पण आता घरोघरी कुत्री लाडात वाढतात, आणि लाडक्या कुत्र्याच्या अंगावरून घरच्यांचे हात सतत फिरत असतात. हात फिरले की बोटाला काहीतरी लागतंच. मग मंडळी घाबरून माझ्याकडे येतात. निम्म्या वेळा ती गाठ म्हणजे रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड निघतो. सूरजागडकडे ट्रक चालवणारा एक जण तर कुत्र्याच्या पोटावरच्या चामखिळीला काळा दोरा करकचून बांधून आला होता, सुकून गळून पडेल म्हणून. ते कुत्र्याचं स्तनाग्र होतं. नरालाही ती असतात, असं सांगितल्यावर तो इतका लाजला की स्वतःच्या शर्टाची वरची बटणं लावायला लागला.

मला हसू येतं तसा रागही येतो. मोबाइलवर फोटो पाठवून ‘कॅन्सर आहे का’ विचारणाऱ्यांचा तर फारच. गाठ फोटोत कळत नाही. ती बोटांनी चाचपावी लागते, सुई घालून आतलं थोडं ओढून घ्यावं लागतं, काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहावं लागतं. तोवर मी तोंड उघडत नाही. त्यामुळे गावात मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

एका सकाळी एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको आपला लाल कुत्रा रिक्षात घालून घेऊन आले. गुरुजींना सगळं गाव ओळखतं. विहारात दर रविवारी ते मुलांना विज्ञान सांगतात, आणि उतारे, गंडेदोरे हा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणते. कुत्र्याच्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी काळी पडलेली, फोड आलेले, पाणी गळत होतं. गुरुजींचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी मोबाइलवर वाचून निदान आधीच करून टाकलं होतं, आता फक्त कुत्र्याला किती दिवस उरलेत तेवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी जवळून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. हा रोग नव्हता, हा बिब्बा होता. आमच्याकडे जंगलातून बिब्बे येतात, आणि गाठ दिसली की बिब्बा तापवून त्याचं तेल तिच्यावर लावायची जुनी खोड आहे. गाठ राहते बाजूला, कातडी मात्र भाजून निघते. बिब्बा कोणी लावला, असं मी विचारल्यावर गुरुजी ताठ झाले. आपल्या घरात असलं काही होणंच शक्य नाही, म्हणाले. काकू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. ते मागच्या वर्षीचं होतं.

मी गुरुजींना समोरच्या दुकानातून खोबरेल तेल आणायला पिटाळलं. ते गेल्याबरोबर काकू माझ्या कानाशी आल्या.

“मीच लावला, म्याडम. मले बी हाये एक गाठ, दंडात, काखेजवळ. म्हटलं, आधी याच्यावर लावून पाहावं, गुण आला का मंग मी लावीन.”

डॉक्टरला दाखवलं का, म्हटलं. तर नाही. गुरुजींना सांगितलं का, तर तेही नाही. गुरुजींची मोठी बहीण गाठीनंच गेली होती, त्यांना कळलं तर ते जेवण सोडतील. आणि मलाही त्यांना सांगायची बंदी. काकूंनी मनात हिशेब पक्का केला होता: कुत्र्याची गाठ आणि त्यांची गाठ एकाच सुमाराला निघाली, तेव्हा दोन्ही एकाच जातीच्या. त्याचं जे निघेल तेच आपलं. पैसा वाचला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची फेरी वाचली.

फोड बरे होईपर्यंत सुई घालता येणार नव्हती, म्हणून मी त्यांना मलम देऊन परत पाठवलं. मला मात्र चैन पडेना. कुत्र्याचं वाईट निघालं, तर काकू घाबरून दवाखान्याची पायरी चढणार नव्हत्या. चांगलं निघालं, तर निर्धास्त होऊन चढणार नव्हत्या. दोन्हीकडून माझीच पंचाईत. इकडे कुत्र्याची मात्र चंगळ चालली होती. आता उरलेत किती दिवस, म्हणून गुरुजी त्याला रोज उकडलेली अंडी भरवत होते.

कातडी सुकल्यावर दोघं पुन्हा आले. सुई पाहून गुरुजी ‘बाहेर थांबतो’ म्हणाले आणि खरंच थांबले, दाराकडे पाठ करून. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. सिरिंजमध्ये जे आलं ते मी काचपट्टीवर पसरलं, आणि ती पट्टी काही केल्या वाळेना. तुपकट थेंब तसेच चमकत राहिले. मायक्रोस्कोपखालीही तेच दिसलं. नुसती चरबी. जुनी माणसं ज्याला आवाळू म्हणतात ते. असलं तर असलं, कुत्रा त्याच्यासकट सुखानं म्हातारा होतो.

मी ठरवलं होतं की चेहरा कोरा ठेवायचा, आणि काकू आधी डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय निकाल सांगायचा नाही. पण मला ते जमत नाही. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचे खांदे सैल पडले.

“तुमी हासून राह्यल्या,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मायीबी चरबीच.”

मग मात्र मी खरीखुरी चिडले. कुत्र्याच्या अंगात सुई खुपसून माणसाचं कळत असतं तर मोठे दवाखाने बंद पडले असते, वगैरे बरंच बोलले. काकूंवर काही परिणाम झाला नाही. शेवटी मी त्यांचा हात धरला आणि कुत्र्याच्या गाठीवर ठेवला. दाबा म्हटलं. गाठ बोटाखालून मऊपणे निसटली. त्यांनी पुन्हा दाबली, ती पुन्हा सरकली. काकूंना गंमतच वाटली.

“आता तुमची,” मी म्हटलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं, पदराखाली हात घातला आणि चाचपलं. मग पुन्हा कुत्र्याची. मग पुन्हा स्वतःची, जरा जोरात. तोंडावरचं हसू गेलं.

“हे सरकत नाई,” त्या म्हणाल्या.

सरकणारी गाठ चांगली आणि न सरकणारी वाईट, इतकं हे सोपं नसतं, हे मी त्यांना सांगायला लागले. पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी दाराशी जाऊन गुरुजींना हाक मारली.

“कुत्रा बरा हाये,” त्या म्हणाल्या. “आता मले घेऊन चला.”

गुरुजींना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी जेवण वगैरे काही सोडलं नाही. त्याच रिक्षात काकूंना बसवून ते गडचिरोलीला गेले, आणि कुत्रा माझ्याकडेच राहिला. काकूंची गाठ चरबीची नव्हती. पण ती लहान होती, अजून कुठे पसरली नव्हती. नागपूरला ती काढली, पुढचे उपचार झाले. काकू बारीक झाल्या, केस गेले, केस परत आले. मला किती आनंद झाला ते मी लपवत नाही. त्या पहिल्यांदा परत दवाखान्यात आल्या तेव्हा मी कुत्र्याच्या आधी त्यांनाच मिठी मारली.

आता विहारातल्या बायकांना त्या गाठी चाचपायला शिकवतात, आणि सरकली तरी दाखवून ये, असं बजावतात. इथवर ठीक होतं. पण बायका माझ्याकडे यायला लागल्या. मागच्या आठवड्यात राजुऱ्याहून माहेरी आलेली एक बाई जनावराशिवायच माझ्या बाकावर येऊन बसली. काय आणलंय म्हटलं, तर म्हणाली, मीच आलीये. मी तिच्यावर ओरडले, हा गुरांचा दवाखाना आहे, आत्ताच्या आत्ता माणसांच्या डॉक्टरकडे जा, असं सांगून तिला बाहेर काढलं. मग काकूंना फोन लावला आणि विचारलं, तुम्ही माणसं माझ्याकडे का पाठवता?

“तुमी हाकलता म्हणून,” काकू म्हणाल्या. “मी सांगतलं तर कोणी जात नाई. तुमी हाकललं का भेऊन सिध्या डाक्टरकडे जातेत.”