कपाटभर नारळ

आफ्रिकेतून गोव्याच्या बंदरात नारळ घेऊन उतरलेला एक शहाणा माणूस मी पाहिलेला आहे. रोज सकाळी मी त्याचीच दाढी करतो.

मोंबासाच्या रेल्वेत मी मालाचा कारकून होतो. जगाला माल बांधायला शिकवणारा मी! ('काच, सांभाळून' ही अक्षरं माझ्याइतकी ठसठशीत साऱ्या बंदरात कुणी काढत नसे.) नोकरी सोडून कायमचं शहापूरला परतायचं ठरलं, तेव्हा थोरल्या भावाला, अण्णाला, मी ऐटीत कळवून टाकलं की पुरुषभर आरशाचं कपाट घेऊन येतोय, तुझ्या शांतीच्या लग्नात माझ्याकडून देईन. हातमागावर उभा जन्म घालवलेल्या अण्णाला ते पोटात ठेववेना. त्यानं ते निपाणीच्या तंबाखूवाल्या सोयऱ्यांना सांगितलं. झालं! शांतीची सोयरीक कपाटाला टांगली गेली. आधी आरसा बघू, मग सुपारी फोडू, असा तिकडून निरोप आला.

निघायच्या आदल्या दिवशी मी बायकोला कपाट रिकामं करायला सांगितलं आणि गोणपाट आणायला गेलो. परतलो तर कपाटाच्या दाराला कुलूप. बरं केलं म्हटलं, आणि वरून गोणपाट शिवून टाकलं. हमाल म्हणाले, फार जड आहे. शिसवी आहे, जड असणारच, असं मी त्यांना सुनावलं.

बोट हलायला लागली तशी खालून गडगड, धडाम असे आवाज येऊ लागले. सारा प्रवासभर येत राहिले. कुणा अडाण्यानं माल बांधलाय, असं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो. बायको पदरात तोंड घालून पडून होती. मला वाटलं, बोट लागली.

मार्मागोव्याला कपाट खाली आलं, तेव्हा गोणपाटातून काच खळखळत होती.

"आत काय घातलंस?" मी विचारलं.

"नारळ."

"गोव्यात नारळ?"

"गोव्याला कशाला? आपल्या घराला. शेजारणीची वाटी तरी कधी रिकामी धाडली का आपण? मग एवढं मोठं कपाट रिकामं न्यायचं व्हय?"

वाटीत चिमूटभर साखर घालतात, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याच मापानं कपाटात अंगणातला अख्खा माड? आरशामागची पातळ फळी फोडून त्या नारळांनी आरशाचा चुरा केला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "कुलूप बघून इचारलं न्हाईसा ते!"

खरा छळ पुढेच होता. गोव्यातून इंग्रजी हद्दीत शिरताना कॅसलरॉकला जकातवाले दारूसाठी सामान तपासत. तिथल्या कारकुनानं एक नारळ कानाशी धरून हलवला.

"एनिदु? हे काय? आत काय हलतंय?"

"पाणी आहे, साहेब."

"इकडून येणारे सगळे पाणीच सांगतात."

आणि त्यानं शिपायाकरवी एकेक नारळ रुळावर आपटून फोडायला सुरुवात केली! प्रत्येकाचा वास घेऊन बाजूला ठेवायचा. उतारू जमले, खोबरं खाऊ लागले. (एकानं तर मलाच विचारलं, गूळ आहे का?) खालचा खण खाऱ्या हवेनं फुगून बसला होता, तेवढा उघडेना, म्हणून तो तसाच सुटला. लोंढ्याला गाडी बदलताना हमालानं आरशाच्या जागी हात घालून कपाट उचललं. धरायला सोय केलीय म्हणाला.

घरी अण्णा रिकाम्या चौकटीपुढं बराच वेळ उभा राहिला.

"आरसा कुठं हाय रं?"

"हुता."

शांती आत निघून गेली, आणि मला मोंबासाला परत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी निपाणीची मंडळी आली. नवऱ्या मुलाची आई कपाटापुढं गेली, चौकटीतून आत डोकावली आणि तशीच पाटावर येऊन बसली. अण्णानं सुपारीचं तबक मागं सरकवलं. तेवढ्यात माझी बायको उठली. खालच्या खणाला तिनं दणका दिला. जो खण सरकारला उघडला नाही तो उघडला, आणि आतून एक सबंध नारळ निघाला. तो तिनं त्या बाईंच्या ओटीत घातला.

"आफ्रिकेच्या आमच्या अंगणातला हाय, आक्का. तुमच्यासाठीच राखलाता."

बाईंनी नारळ हलवून बघितला. (पुन्हा फोडतात की काय!)

"समुद्रापल्याडनं आलेली ओटी," त्या म्हणाल्या, "मग न्हाय कसं म्हणू? फोडा सुपारी. कपाट मातुर तुम्हालाच ऱ्हाऊ दे."

तर कपाट माझ्याकडेच राहिलं, आणि सोयरीक जमवल्याचं नाव झालं बायकोचं! नवीन काचेला ती पैसे खर्चू देत नाही. सकाळी मी कपाटाचं दार उघडून चौकटीपुढं दाढीला बसतो, ती पलीकडे बसून भाजी निवडते आणि मान वर करून सांगते, "डाव्या गालाला ऱ्हायलंय." आरसा असता, तर निदान गप्प तरी बसला असता.