सालिटर आडनावाचा एकच उंबरा

आमच्या खोऱ्यात बाजाराच्या दिवशी डोळे मिटून दगड भिरकावला, तर तो एखाद्या म्युलरला लागतो आणि तिथून उडून श्मिटच्या टाळक्यात बसतो. म्युलर म्हणजे दळणारा आणि श्मिट म्हणजे लोहार, त्यांची पोरं उदंड झाली आहेत. पण सालिटरला दगड मारायचा म्हणाल, तर नेम धरून हास्लिंग गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जावं लागेल. पूर्वी लोक आवडीने जायचे, हा भाग वेगळा.

सालिटर म्हणजे सोरा खणणारा. गोठ्याच्या जमिनीत वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरतं आणि त्या मातीत सोरा धरतो. ती माती खणायची, पिंपात भिजवायची, राखेतून गाळायची, तांब्याच्या कढईत आटवायची, की बंदुकीच्या दारूचा मुख्य माल तयार. दरबाराला लढाया करायची हौस दांडगी, म्हणून या खणणाऱ्यांच्या खिशात मोहोर उठवलेला कागद असे. कोणाच्याही घरात शिरा, कोणाचाही गोठा उकरा, कोणी आडवा आला तर त्यालाच आत टाकू. चोर निदान इकडेतिकडे बघून घरात शिरतो. सालिटर भर दुपारी, कुदळ खांद्यावर टाकून, आज जेवायला काय केलंय असं विचारत शिरायचा.

आता हे नाव इतकं दुर्मिळ कसं झालं? लोकांनी सगळे सालिटर मारून टाकले, असं काही म्हातारे सांगतात. तसा प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. पण खरं कारण लग्न. आमच्याकडे शेतघराला स्वतःचं नाव असतं, आणि त्या घरात जो घरजावई होऊन येतो तो त्या घराचं नाव लावतो. सालिटरला मुळात घरच नसे. गावोगाव मार खात हिंडायचं, आणि कुठे बऱ्यापैकी शेत असलेली विधवा दिसली, की पुढच्या रविवारी हा गडी हूबर किंवा लेशनर होऊन चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेला. मग तोच सालिटरला शिव्या घालण्यात सगळ्यांच्या पुढे.

वेंडेलिन सालिटरचंही तेच व्हायचं होतं, आणि झालंही होतं.

त्याचा बाप गालूस हाडाचा सालिटर. मोसब्रुन गावच्या लोकांनी कढईच्या झोपडीला बाहेरून कडी लावून आग लावली, तेव्हा तो आत होता. एकोणीस वर्षांच्या वेंडेलिनने दार फोडून बापाचे पाय धरून ओढले, तर हातात नुसते बूट आले. बापाला पुरलं, कढई घासली, आणि या खोऱ्याचा कागद स्वतःच्या नावाने करून घेतला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: वेंडेलिन सालिटर जिवंत असेपर्यंत या खोऱ्यात दुसऱ्या कोणी कुदळ लावायची नाही.

हास्लिंगला तो पहिल्यांदा आला तो एगीड ब्रांडलच्या गोठ्यात. ब्रांडल म्हणजे गावचं मोठं खटलं, एकवीस गाई. वेंडेलिनने मातीची चिमूट जिभेवर ठेवून चव घेतली, मान डोलवली आणि कुदळ उचलली. तेवढ्यात ब्रांडलच्या एकुलत्या एका लेकीने, क्रेसेन्सने, शेण ओढायचं दात्यांचं फावडं त्याच्या मांडीत घुसवलं. दोन दाते आरपार. या बाईला सगळा गाव झेन्झी म्हणे, मीही तेच म्हणतो.

"आता काढ," वेंडेलिन म्हणाला.

"तूच काढ. तुझ्याच मांडीत आहे."

"घुसवायची घाई होती, काढायला आळस?"

फावडं तिनेच काढलं आणि पट्टीही तिनेच बांधली. ती पट्टी बांधायला तिला तीन आठवडे लागले, असं गाव म्हणतं. गावाच्या तोंडाला कोण लागणार? म्हाताऱ्या ब्रांडलला हे कळलं तेव्हा त्याने घोड्याच्या चामडी लगामाने लेकीला झोडपलं. चौथ्या फटक्याला तिने लगाम हिसकावला आणि उरलेले फटके बापाला मोजून परत केले. त्यानंतर बापलेकीत बोलणी शांतपणे झाली.

"एकच अट," म्हातारा म्हणाला. "माझ्या उंबऱ्याच्या आत ते नाव यायचं नाही. ब्रांडल म्हणून राहील तर घर, शेत, जनावरं सगळं त्याचं. ते नाव ऐकू आलं तर मी त्याला गाडून वर कोबी लावीन."

वेंडेलिनने वाकून मान्य केलं. मार खाऊन खाऊन तोही कंटाळला होता. चार वर्षं तो वेंडेलिन ब्रांडल म्हणून राहिला. लोक त्याला दुरून टोपी काढून नमस्कार करायला लागले. खोटं कशाला बोलू, त्याला ते आवडायचंही. कागद तेवढा त्याने कपड्यांच्या पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता.

मग दरबाराची एक नवी लढाई निघाली, आणि खोऱ्यातून चार वर्षांत चिमूटभरही सोरा आला नाही हे कोणाच्या तरी ध्यानात आलं. मार्च महिन्यात हाकल नावाचा माणूस चार खणणारे, एक हवालदार आणि दोन भालेवाले घेऊन हास्लिंगमध्ये उतरला.

हाकल जातीचा सालिटर नव्हे. फौजेतून हाकललेला गडी. याच्या माणसांनी बार्बल विधवेचा गोठा कमरेइतका खणला आणि खड्डा तसाच उघडा ठेवून पुढे गेले. तिची गाभण गाय त्यात पडली, पुढचे दोन्ही पाय मोडले, आणि ती हंबरत राहिली तोवर एका भालेवाल्याने कंटाळून तिच्या मानेत भाला खुपसला. पाणचक्कीवाला क्विरिन दारात आडवा झाला, तर हाकलने कुदळीच्या दांड्याने त्याचं नाक गालावर नेऊन बसवलं. हवालदाराने विचारलं, "या खोऱ्याला आधीचा कोणी सालिटर नाही का?" तर हाकल गावकऱ्यांकडे वळून म्हणाला, "तुम्हीच सांगा. आहे का?" आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, नाही हो, आमच्यात असला कोणी नाही. चार वर्षांची सवय. स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मागून घेतली म्हणतात ती अशी.

वेंडेलिन त्या वेळी घरात होता. आदल्या दिवशीच झेन्झी बाळंत झाली होती, मुलगा. ती गोठ्याला लागून असलेल्या उबदार खोलीत पडून होती. तिथली जमीनही मातीचीच, आणि तीनशे वर्षांचा गोठा त्या भिंतीत पाझरलेला. हाकल सगळ्यांना घेऊन आत आला, भिंतीच्या कडेची माती चाटली आणि त्याचे डोळे चमकले.

"खाट हलवा."

"बाळंतीण आहे," वेंडेलिन म्हणाला. "तिच्या खाटेखाली सहा आठवडे कुदळ लावायची नाही. हा आपल्या धंद्याचा नेम आहे."

"आपल्या? तुला रे कसला धंदा माहीत, घरजावया?"

हाकलने माणसांना खूण केली. दोघांनी खाटेचे पाय धरले आणि एका बाजूने उचलले. झेन्झी बाळासकट भिंतीवर आदळली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून वेंडेलिनमधला ब्रांडल जागच्या जागी मेला. त्याने पहिल्या माणसाच्या तोंडावर कोपर मारलं, दोन दात जमिनीवर पडले. दुसऱ्याचं डोकं खाटेच्या खांबावर आपटलं. मग पेटी उघडून कागद काढला आणि हवालदाराच्या छातीवर चिकटवल्यासारखा धरला.

"हे खोरं माझं आहे. इथे माझ्याशिवाय कोणी खणायचं नाही. मोहोर बघा."

हवालदाराला वाचता येत होतं, पण सावकाश. "वेंडेलिन... सालिटर. आणि तू कोण?"

"तोच."

"हा ब्रांडल आहे!" हाकल ओरडला. "सगळ्या गावाने सांगितलंय!"

हवालदाराने दारातल्या म्हाताऱ्या ब्रांडलकडे पाहिलं. "ए आजोबा, तुझ्या जावयाचं नाव काय?"

लेक खाटेवर रक्ताळलेली, नातू रडतोय, आणि तरी म्हाताऱ्याच्या तोंडून निघालं, "ब्रांडल. आमच्या घरात दुसरं नाव नाही."

"अहो हवालदार!" झेन्झी खाटेवरून गरजली. "त्या म्हाताऱ्याला काय विचारता? या माणसाबरोबर मी झोपते, म्हातारा नाही! सालिटर आहे तो. त्याच्या मांडीवर दोन भोकांची खूण आहे, मीच पाडलीत. बघायची आहे का?"

भालेवाले हसले. हाकल हसला नाही, त्याने कुदळ उगारली. वेंडेलिन खाली वाकला, कुदळ भिंतीत रुतली, आणि त्याने कोपऱ्यातलं फावडं आडवं फिरवलं. हाकलचं मनगट सुक्या काटकीसारखं वाजलं. दुसरा फटका गुडघ्यावर. तिसरा द्यायच्या आत हवालदाराने वेंडेलिनच्या मानेला तलवार लावली.

"पुरे. कागद खरा, मोहोर खरी. खोरं तुझं. पण ऐक, सालिटर. सप्टेंबरअखेरच्या मायकेल संताच्या सणापर्यंत सहा पिंपं सोरा दिला नाहीस, तर मी हाकललाच परत आणीन, आणि तो दुसऱ्या हाताने खणेल. आणि ऐक. कुठे दुसरं नाव लावलेलं दिसलं, तर हा कागद रद्द."

त्यांना वाटेला लावून वेंडेलिन परतला, तर अंगणात सगळा गाव. गावाने आभार मानले असते, तर मी हे लिहायला बसलो नसतो.

"म्हणजे आता तू खणणार?" क्विरिन विचारत होता. नाकामुळे शब्द गेंगाणे येत होते.

"मी खणीन, मग बुजवीन, चोपून सपाट करीन. तुमच्या गाईचा खूर अडकणार नाही."

"त्याने मारलं, पण निदान तो परका होता," क्विरिन म्हणाला आणि त्याने पहिला ठोसा मारला. मग बाकीचे. बार्बल विधवेने लाकडी बुटाने त्याच्या बरगड्यांवर हात साफ करून घेतला. मेलेल्या गाईचा राग कुठेतरी काढायलाच हवा होता, आणि हाकल निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाळाचा बाप्तिस्मा. बाळंतीण सहा आठवडे चर्चमध्ये जात नाही, म्हणून बाळ घेऊन बापच गेला. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, चालताना बरगडी धरलेली. पाद्रीने बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, गालूस असं नाव ठेवलं, आणि वही उघडली.

"पुढे काय लिहू?"

म्हातारा ब्रांडल शेजारीच उभा होता. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, "कालचं मी विसरतो. कागद चुलीत घाल. ब्रांडल म्हण, एकवीस गाई या पोराच्या. दुसरं काही म्हणालास, तर संध्याकाळी तुझी खाट रस्त्यावर."

चर्च भरलेलं होतं. ब्रांडल म्हटलं तर घर राहतं, पण कागद रद्द होतो आणि हाकल परत येतो, त्याच खोलीत, त्याच खाटेशी. सालिटर म्हटलं तर खाट वाचते, पण ती ठेवायला घर राहत नाही. बरं, हे नाव लावलं तर पोराच्या नशिबी काय आहे, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? बापाचे बूट अजून त्याच्या पायात होते. पाद्रीच्या लेखणीवरचा शाईचा थेंब वहीवर पडला. पाद्री वैतागला.

"बोल रे बाबा, शाई महाग आहे."

"सालिटर," वेंडेलिन म्हणाला. "गालूस सालिटर. मोठ्या अक्षरात लिहा."

म्हाताऱ्याने वेदीवरची पितळी समई-एवढी मेणबत्तीदाणी उचलली. वेंडेलिनने बाळ पोटाशी घेतलं आणि पाठ फिरवली. पहिल्या घावाला खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्याला तो गुडघ्यावर आला. तिसरा घाव पाद्रीने बाप्तिस्म्याच्या परातीवर झेलला, आणि वही उघडीच दुसऱ्या हाताने वर धरून आडवा उभा राहिला. लिहिलेलं ओलं होतं, ते पुसलं जाऊ नये म्हणून. माणसाची काळजी किती होती, ते देव जाणे.

संध्याकाळी खाट खरंच रस्त्यावर आली, झेन्झीसकट. गडी चारही कोपरे धरून घेऊन आले. ती उशीला टेकून, बाळाला पाजत, येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाका मारून नमस्कार करत होती. वेंडेलिन एका हाताने हातगाडी ओढत आला.

"काय लिहिलं?" तिने विचारलं.

"सालिटर."

"अक्षर नीट काढलंय का?"

"मोठं काढलंय."

"मग उचल. खालून गार लागतंय."

ओढ्यापलीकडे त्याने कढईची झोपडी घातली आणि एकतीस वर्षं गाव खणलं. ठरलेल्या मुदतीत सहा पिंपं दिली. पहिला गोठा ब्रांडलचाच होता. म्हातारा कुऱ्हाड घेऊन दारात उभा होता, त्या दिवशी वेंडेलिनचा डावा कान गेला. कानावर फडकं बांधून त्याने गोठा खणला, बुजवला, चोपला. एकही खूर अडकला नाही. हाकल पुन्हा कधी खोऱ्यात आला नाही. तरीही दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी वेंडेलिनला धरून बडवायचंच. नंतर तर लोक फारसा राग नसतानाही बडवायचे, रीत म्हणून. तो गेला तेव्हा अंघोळ घालणाऱ्याने त्याची मोडून जुळलेली हाडं मोजायला सुरुवात केली आणि सोळावर सोडून दिली.

त्याला तीन मुलगे. तिघांनाही शेतं चालून आली, घरजावई व्हा म्हणून. एकानेही नाव टाकलं नाही, बायका आणल्या त्या ओढ्यापलीकडेच.

म्हातारा ब्रांडल नव्वदीला टेकला, तेव्हा त्याने थोरल्या नातवाला, गालूसला, बोलावून घेतलं. "माझ्यामागे घर रिकामं राहणार," तो खाटेवरून म्हणाला. "सगळं तुझं. फक्त ब्रांडल म्हण."

गालूसचं नाक तोपर्यंत या नावापायी दोनदा मोडलं होतं. त्याने ते चाचपलं. "आजोबा, ब्रांडल घेऊन मी काय करू? त्या नावासाठी मला कोणी साधी चापटसुद्धा मारलेली नाही."

म्हाताऱ्याने उशाशी असलेला बिअरचा दगडी मग उचलला आणि अंगात उरलेल्या सगळ्या जोराने फेकला. तो बरोबर नाकावर बसला.