तापमानाच्या नोंदीतल्या मोकळ्या जागा

१० ऑक्टोबर, शुक्रवार. मुलुंडला औषधांच्या एका शीतगृहात गेटवे तपासायला गेले. गेटवे म्हणजे भिंतीवरचं वहीएवढं खोकं. थंड खोल्यांतले सेन्सर त्याच्याकडे बिनतारी तापमान पाठवतात आणि ते ऑफिसच्या कॉम्प्युटरला पोचवतं. आठ दिवस रोज दुपारी नोंदीत मोकळ्या जागा पडत होत्या. शेठचं ठरलेलं होतं: दुपारपाळीचा ऑपरेटर झोप काढतो आणि तापमान वाढल्याची घंटा वाजू नये म्हणून खोकंच बंद करतो. त्याला काढल्याचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं, सही तेवढी बाकी.

ऑपरेटर पन्नाशी उलटलेला. मला स्टूल देत म्हणाला, "मॅडम, सोळा वर्षं इथं आहे. झोपायचं असतं तर चांगली जागा माहिती नाही का मला?"

लॅपटॉप जोडला. आधी खोकं किती वेळ अखंड चालू आहे ते पाहिलं. कुणी बटण दाबलं की हा आकडा शून्यावर येतो. एकेचाळीस दिवस.

"बघा! शेठना दाखवा ना."

"दाखवते. पण मग नोंदी जातात कुठे, ते विचारतील."

मग एकेका सेन्सरला हाक पाठवत बसले. हाक जाते, उत्तर येतं, उत्तराचा जोर आकड्यात दिसतो. उणे सत्तर म्हणजे ठीक, उणे पंच्याण्णव म्हणजे गेलंच. आकडा सत्तरवरून ऐंशीवर उतरायचा, नव्वदच्या पुढे बुडायचा, पुन्हा सावकाश वर यायचा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर फुल सोडलेला पंखा, भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरची एकसुरी घरघर. किती वेळ गेला कळलं नाही. खाडीला भरती-ओहोटी व्हावी तसा तो आकडा हलत होता आणि मीही त्याच्याबरोबर हलते आहे असं वाटायला लागलं. खोल्यांतली औषधं, त्यांच्या अंगावरून चाललेल्या त्या न दिसणाऱ्या हाका, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. इतकी वर्षं हे काम करते, असं कधी होत नाही.

स्क्रीनच्या काचेत काहीतरी सोनेरी चमकत होतं. चमकलं की आकडा बुडे. आठ-दहा वेळा तसं झालं तेव्हा मी मान वळवली. गेटवेच्या अँटेनाला चमकीचा हार. वारा आला की पत्र्यासारख्या पट्ट्या अँटेनाला लपेटत होत्या.

"हा कुणी घातला?"

"शेठनी. दसऱ्याला सगळ्या मशीनना हार त्यांच्याच हातचा. फुलांचा सुकतो म्हणून यंदा हा. दिवाळीपर्यंत उतरवायचा नसतो."

"पंखा बंद करा."

पट्ट्या सरळ खाली लोंबल्या. आकडा उणे सत्तरवर येऊन थांबला. ऑपरेटरने वर पंख्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "इतर पाळ्यांना पंखा लागतच नाही. उकाड्याची पाळी माझीच."

हार काढायला तो पुढे झाला. मी म्हटलं, "हात लावू नका. काढलात तर उद्या शेठना दाखवू काय?" गेटवे जिथे लावायचा ती जागा मीच दाखवली होती, पंखा तेव्हाही तिथंच होता. मशीनला हार पडणार हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी नऊलाच गेले. शेठना स्टुलावर बसवलं, लॅपटॉप समोर ठेवला आणि पंखा फुल सोडला. आकडा बुडाला. बंद केला, वर आला. तिसऱ्यांदा सोडायला गेले तर ते म्हणाले, "बास, बाई. म्हणजे मीच?"

"तुम्हीच."

त्यांनी हार उतरवला, कपाळाला लावला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून बसले. मी टेबलावरचं पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. ते त्यांनी फाडल्यावर मग मी ऑपरेटरला फोन लावला आणि दुपारी नेहमीच्या वेळेला या म्हणून सांगितलं.