पत्राचं दुसरं पान

नवरा गेला, त्याला हे माहीत नव्हतं. मुलांना माहीत नाही. देवापुढं बसतानाही मी हे मनातल्या मनात कधी म्हटलं नाही — त्याला ऐकू जाईल म्हणून. मी चौथी शिकलेली बाई, लिहायचा सराव नाही. तरी लिहितेय, कारण तोंडानं सांगायला बसले तर मधेच भलतंच बोलेन. ती खोड आहे मला. त्या खोडीचंच हे सगळं आहे.

मोटारीपासून सुरुवात करते. तेवढं सोपं आहे.

आमचं गाव साताऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. माझे वडील, आबा, तरुणपणापासून सांगलीकडं एका जहागीरदाराची मोटार चालवत. कापडी टपाची, जुनी. एका पावसाळ्यात ती कृष्णेच्या पुरात तीन दिवस बुडून राहिली. मालक म्हणाला, भंगारात द्या. आबांनी ती मागून घेतली, बैल जुंपले आणि सांगलीहून ओढत गावात आणली. आठ दिवस लागले. वेशीत माणसं उभी होती. एकानं विचारलं, "आबा, हिला कडबा घालायचा का पेंड?"

त्या मोटारीवर आमच्या घरानं चार वर्षं घातली. आबा, माझा थोरला भाऊ दौलत, चुलते नाना आणि मी. पुराचा गाळ इंजिनात दगडासारखा बसला होता. दादा इंजिनाचा एकेक भाग काढून द्यायचा, मी तो विटेच्या चुऱ्यानं आणि रॉकेलनं घासायचे. माझ्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा, कुणी तक्रार केली नाही. नाना नुसते बसून बोलायचे. म्हणाले, "ही उठली तर मी मिशी काढीन." ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा धडधडलं, त्या दिवशी त्यांनी खरंच काढली. पुढं महिनाभर भेटेल तो विचारायचा, "घरात कोण गेलं, नाना?"

मग लढाई सुरू झाली. दादा फौजेत ड्रायव्हर झाला. एकदा रजेवर आला आणि मोटारीचे ब्रेक करायला घेतले — तेवढंच राहिलं होतं. रजा पुरी व्हायच्या आतच तार आली. संध्याकाळच्या आत जेमतेम सगळं जोडून तो निघाला. तो गेल्यावर माझं लग्न ठरलं.

सांगलीच्या खालच्या अंगाचं स्थळ. काळी जमीन, ऊस, विहीर. लग्न मुलाच्या दारात करायचं ठरलं, म्हणजे आमचं वऱ्हाड तिकडं जायचं. बघायला आले तेव्हा होणारी सासू माझ्या हातांकडं बघून दुसऱ्या बाईला म्हणाली, "डोंगरातली पोर. वऱ्हाड कांबळी पांघरून येतंय बघ आता." हळू म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतकंच हळू. त्या क्षणी मी ठरवलं, मी मोटारीतून उतरणार त्यांच्या दारात. मी घासलेल्या मोटारीतून.

आबांचं मन होतं-नव्हतं. म्हणाले, "दौल्याचं पत्र येऊ दे. त्यो काय म्हनतोय बघू."

पत्र आलं. ब्रह्मदेशाच्या बाजूनं. दोन पानांचं.

आता इथं थांबावंसं वाटतंय. पण थांबून काय करू?

घरात वाचता येणारी मी एकटी. आबांना अक्षर कळत नव्हतं, नानांनाही नाही. मला शाळेत दादानंच घातलं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की खांद्यावर बसवून पलीकडं सोडायचा. पत्र आलं की सगळे पुढ्यात बसायचे आणि आबा कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघायचे. माझ्या तोंडातून पोरगं बोलतंय असं त्यांना वाटत असावं.

पहिलं पान मी जसंच्या तसं वाचलं. ताप येतोय, तीन दिवस उतरला नाही, हात कापतो, अक्षर समजून घ्या. तिथं पान संपलं. दुसऱ्या पानावर पाच-सहा ओळी होत्या. त्या मला आजही पाठ आहेत. "ब्रेकच्या सळईला पिन मिळाली नाही म्हणून मी तिथं साधा खिळा घातला आहे. निघायच्या गडबडीत सांगायचं राहिलं. सपाटीला चालेल. उताराला मोटार अजिबात नेऊ नका. मी येईपर्यंत गावाबाहेर काढू नका. हौसाला आशीर्वाद." खाली सही.

मी ते वाचलं नाही.

वाचलं नाही एवढंच असतं तर मी त्याला विसर म्हणाले असते, घाई म्हणाले असते. पण आबा माझ्या तोंडाकडं बघत होते, काहीतरी बोलावं लागणार होतं. मी कागदावर डोळे ठेवून म्हणाले, "दादा म्हनतोय, मोटार तयार हाय. हौसाला मोटारीतनंच न्या."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कधी रडायचे नाहीत.

गावाखाली तीन वळणांचा उतार आहे. वऱ्हाड गाड्यांतून पुढं गेलं होतं. मोटारीत मी, आई, माझी करवली, आणि चालवायला आबा. नाना बाहेर पायरीवर, हातात लाकडी ठोकळा घेऊन. तेव्हा चढ-उताराला असा एक माणूस पायरीवर लागायचाच — वेळ आली तर उतरून चाकाला ठोकळा लावायला. नाना ओरडून गात होते. दुसऱ्या वळणावर आबांनी ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. आबा एकच शब्द बोलले, "नाना". नानांनी उडी मारली, पुढं धावले आणि ठोकळा चाकापुढं धरला. मोटार थांबली. आम्हा कुणाला खरचटलंही नाही. नानांचा डावा पाय चाकाखाली होता.

मिरजेच्या दवाखान्यात तो गुडघ्यावरून कापला.

आबांचा एक ओळखीचा ड्रायव्हर साताऱ्याहून आला. मोटारीखाली शिरला आणि अर्धा तुटका खिळा घेऊन बाहेर आला. आबांच्या तळहातावर ठेवला. ब्रेक कुणी केले होते ते सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवताना मी पत्रांच्या डब्यातून ते पत्र काढलं. पहिलं पान परत ठेवलं. दुसरं चुलीत घातलं. हे मी घाबरून केलं का? नाही. हात अगदी स्थिर होता. सांगते ते खरं सांगते.

माझं लग्न महिन्याभरानं झालं, बैलगाडीतून.

लढाई संपली, दादा परत आला. आबांनी भावकी बसवली आणि सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "नानाचा पाय आजपास्नं तू." पत्रात मोटारीतनंच न्या म्हटलं होतं, तेही त्यांनी काढलं नाही. दादा मान खाली घालून उभा होता. मी त्या वेळी माहेरी होते. नंतर तो गोठ्यात माझ्याकडं आला.

"हौसे, मी लिवलं हुतं गं. खिळ्याचं लिवलं हुतं."

"न्हाई, दादा."

"नीट आठव की."

"मीच वाचलं न्हवं? तसं काय नव्हतं."

त्यानं डबा आणला. पान काढलं, उलटंपालटं केलं. "ह्याच्यावर सही न्हाई माझी. सही केल्याबिगर मी कवा पत्र धाडलं न्हाई."

मी म्हणाले, "तापात हुतास तू. हितंच लिवलंय बघ, हात कापतोय म्हनून. सही करायची ऱ्हायली, तसं त्येबी ऱ्हायलं."

त्यानं पान घडी करून डब्यात ठेवलं. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मग म्हणाला, "व्हय. तापात ऱ्हायलं आसंल."

नानांचं जे झालं त्याची भीती वाटून मी गप्प बसले, असं म्हणता येईल. पण गोठ्यात मी गप्प नव्हते. गोठ्यात मी त्याला समजावून सांगितलं. माझ्या भावाला मी त्याचीच आठवण खोटी म्हणून पटवून दिली, आणि त्याच्याच कागदाची साक्ष काढली.

दादाला सांगलीत मोटारी दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. फौजेतला एक दोस्त भागीत होता, जागा बघून ठेवली होती. तो गेला नाही. मोटारीचे तुकडे करून त्यानं ते विकले आणि पुन्हा कुठल्या मोटारीला हात लावला नाही. पहिली पेर नानांच्या रानात, मग आपल्या. नानांना ओढ्यावर नेणं, अंघोळ घालणं, कुबडीचं चामडं बदलणं. लग्न केलं नाही. म्हणायचा, माझं हाय की बिऱ्हाड. नाना थट्टेखोर ते थट्टेखोरच राहिले. जेवायला बसले की म्हणत, "दौल्या, आज तरी पाय आणलास का रं?" आणि हसत. दादानं हसावं म्हणूनच म्हणत असावेत. दादा त्यांच्या पानात भाकरी वाढायचा आणि उठून जायचा. सव्वीस वर्षं हे चाललं. मी माहेरी असले की ऐकायचे.

दर भाऊबीजेला तो सांगलीकडं माझ्या घरी यायचा. मी त्याला पाटावर बसवून ओवाळायचे. निरांजन त्याच्या तोंडापुढून फिरवताना मी त्याच्या कानाकडं बघायचे, डोळ्यांकडं नाही. त्याला कधी शंका आली का? माहीत नाही. आली असती तर तो आला नसता — की तरीही आला असता? हा प्रश्न मला झोपू देत नाही, आणि उत्तर द्यायला आता कुणी नाही.

दादाही शेवटी मिरजेलाच होता, दवाखान्यात. मी चार दिवस उशाशी बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो शुद्धीत होता. पाणी मागितलं, प्यायला. म्हणाला, "एवढं लिवायचं कसं ऱ्हायलं गं माझ्याकडनं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. मी त्याचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाले, "पड आता. बोलू नगंस."

चौथ्या दिवशी तो गेला.

दादाकडनं राहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, तापात, कापत्या हातानं, सहीसकट. मी वाचलं नाही.